गुरुवारची खाच

सर,

तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत मी तुमच्याशी मनातल्या मनात पुष्कळ बोलले, पण भांडायला म्हणून ही पहिलीच वेळ. आज रविवार आहे, दुपारचे तीन वाजलेत. पिरंगुटच्या घरी जेवणाच्या टेबलावर एका बाजूला उद्या सकाळी द्यायचा अहवाल पडलाय, दुसऱ्या बाजूला हा वहीतून फाडलेला कागद. अहवालात एकच रकाना उरलाय. तो मी दोनदा भरला आणि दोन्ही वेळा पान चुरगाळून टाकलं. नवरा स्वयंपाकघरातून म्हणाला, "कागदावर एवढी कशाला चिडतेस? चहा ठेवू का?" म्हटलं, ठेव. चिडलेय ती कागदावर नाही, तुमच्यावर आहे, हे त्याला सांगून काय उपयोग? त्याच्या लेखी तुम्ही देवमाणूस. परवापर्यंत माझ्याही लेखी होतात.

कंपनीतला माझा पहिला दिवस तुम्हाला आठवत असेल की नाही कोण जाणे. मी कोळवण खोऱ्यातली, गुडघाभर चिखलात भात लावून मग एसटी धरून कॉलेज गाठणारी, नुकती एम.एस्सी. झालेली. नवा ड्रेस, इस्त्रीची ओढणी. मला वाटलं होतं तुम्ही प्रयोगशाळा दाखवाल. तुम्ही मला थेट मागच्या अंगणात नेलंत, जिथं कचऱ्याची पिंपं ठेवतात. पुढे लाकडी पाटावर एकच पांढरं पिंप होतं. म्हणालात, "हा आपला माल. अँटिबायोटिकची पावडर. आणि हे त्याच्या मागचं." मागे निळ्या पिंपांची ओळ, पार कंपाउंडच्या भिंतीपर्यंत. "मोज," म्हणालात. भर उन्हात मी मोजत गेले. एमडीसी या द्रावकाचा तो गोडसर वास, ज्यानं पुढे कैक वर्षं माझं डोकं दुखणार होतं, तो त्या दिवशी पहिल्यांदा नाकात गेला. मोजून परत आले तर तुम्ही सावलीत उभे. "माल मोजायला सगळं जग येतं," म्हणालात, "टाकलेलं मोजायला कुणी येत नाही. तू आधी हे मोजायचं, मग ते." मी ते वाक्य घरी जाऊन वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं. ती वही अजून आहे. परवा मी ते पान उघडलं आणि खरं सांगते, शिवी आली तोंडात.

शिकवलंत मात्र मनापासून, तेवढं नाकारणार नाही. हे द्रावक गोळीत जात नाही, ते नुसतं भांड्यात दोन पदार्थांची गाठ घालून देतं आणि मग कचरा होऊन बाहेर पडतं, हे तुम्हीच समजावलंत. लग्न लावून देणाऱ्या भटजीला रोज नवं धोतर कशाला, असं म्हणायचात आणि स्वतःच हसायचात. जुनी पद्धत तुमचीच होती, तुम्ही तरुणपणी बसवलेली, सगळा कारखाना तिच्यावर उभा होता. तरीही तुम्ही म्हणायचात, "माझी पद्धत मोडून दाखव. शिष्यानं तेच करायचं असतं." मी मूर्ख, मी ते शब्दशः घेतलं.

आणखी एक शिकवलंत, ज्यानं शेवटी तुम्हालाच पकडलं. रिॲक्टरचं तापमान टिपणारा तो गोल कागद. घड्याळासारखा फिरतो आणि पेन त्याच्यावर दिवसभर रेघ ओढत राहतं. गुरुवारी आपल्याकडे दुरुस्तीसाठी वीज जाते. सकाळी दहाच्या सुमारास दिवे जातात, मग जनरेटर खाकरत सुरू होतो, आणि तेवढ्यात कागदावरची रेघ एकदा दचकते. गुरुवारच्या प्रत्येक कागदावर ती बारीक खाच असते. दुसऱ्या एका विभागातला माणूस बनावट कागद जोडायचा, त्याला तुम्ही असाच पकडला होतात. मला बोलावून दाखवलंत, "कागद खरा की खोटा बघायचाय ना? गुरुवार शोध. खोटं करणारा सगळं सांभाळतो, वीज गेलेली विसरतो." मला केवढं कौतुक वाटलं होतं तुमच्या नजरेचं!

तीन वर्षं घातली मी माझ्या पद्धतीत. एमडीसी नको, उणे तापमान नको, धुण्याचे पाच हात नको. साधं पाणी आणि त्यात एक एन्झाइम. लोकांना सांगताना मी विरजण म्हणायचे, कारण स्वभाव तसाच. योग्य कोमटपणात निमूट काम करणार, जरा जास्त तापलं की मेलं. काचेच्या भांड्यात जमलं, मोठ्या भांड्यात जमलं. मागे उरायचं ते बहुतेक पाणीच. मी हिशेब मांडून तुम्हाला दाखवला होता की भिंतीपर्यंत गेलेली ती ओळ चार-पाच पिंपांवर येईल. तुम्ही चष्मा काढून कितीतरी वेळ कागदाकडे बघत बसलात. मला वाटलं, तुम्हाला आनंद झालाय.

मग मोठ्या रिॲक्टरवरची चाचणी. बुधवारी मामांना बरोबर घेऊन मी नुसत्या पाण्यावर दिवसभर रिॲक्टर चालवला, तापमान धरून ठेवता येतंय ना बघायला. मामा म्हणजे आपले जुने ऑपरेटर, आमच्याच खोऱ्यातले, सगळे त्यांना मामाच म्हणायचे. रेघ इतकी सरळ आली की मामा म्हणाले, "ताई, पट्टी ठेवून वडल्यागत आलीया की!" गुरुवारी खरी बॅच. रिॲक्टरच्या पोटाभोवती जी दुसरी भिंत असते, ते जॅकेट, त्यात मी स्वतः कोमट पाणी सोडलं. वाफेच्या व्हॉल्व्हची चक्री बंद केली आणि कुणाचा चुकून हात लागू नये म्हणून तिला सुतळी गुंडाळून फुलगाठ मारली, बुटाच्या नाडीची मारतात तशी. दहाला वीज गेली, जनरेटर लागला, कागदावरची रेघ दचकली, मी आणि मामा एकमेकांकडे बघून हसलो. अकरा वाजता एन्झाइम आत गेलं.

साडेबाराला तुम्ही आलात. तुम्ही, ज्यांनी मला शिकवलं होतं की चालू बॅच सोडून जेवायला जाणारा केमिस्ट आणि लग्नाच्या मांडवातून पळणारा नवरा सारखाच. म्हणालात, "सकाळपासून उभी आहेस, तोंड बघ किती सुकलंय. जा, जेवून घे." मी म्हटलं, डबा आणायला विसरले. खरंच विसरले होते, त्या दिवशी जेवण सुचत होतं कुणाला! तर तुम्ही तुमचा डबा माझ्या हातात दिलात. तुमचा गुरुवारचा उपास. वहिनींनी केलेली साबुदाण्याची खिचडी, वर खोबरं, कोथिंबीर, एका कोपऱ्यात लिंबाची फोड. "आणि तुम्ही?" "मला एक केळं पुरतं. तू खा, आणि मग हे दोन नमुने तपासणीच्या इमारतीत देऊन ये. मी उभा आहे इथे." मी कँटीनच्या पायरीवर बसून ती खिचडी खाल्ली. एकेक दाणा मोकळा होता. खाताना डोळ्यांत पाणी आलं, म्हटलं, उपाशी राहून मला भरवणारा गुरू कुणाला मिळतो! सर, तासाभराने परत आले तेव्हा माझी बॅच मेलेली होती. मला ते संध्याकाळी कळलं.

संध्याकाळी तपासणीचा निकाल आला. काहीच पुढे सरकलं नव्हतं, जे टाकलं होतं तेच तसंच्या तसं. तुमच्या केबिनमध्ये तुम्ही मला समोर बसवलंत आणि दार लावून घेतलंत. "जॅकेटचं पाणी किती ठेवलं होतंस?" मी आकडा सांगितला. "नक्की?" नक्की. थोड्या वेळाने पुन्हा, "अगं, नीट आठव. वीज गेल्यावर पुन्हा सेट केलंस, तेव्हा?" मी पुन्हा आठवलं. तिसऱ्यांदा विचारलंत तेव्हा मला माझ्या बोटांचीही खात्री राहिली नाही. तुम्ही टेबलावरून हात पुढे करून माझ्या डोक्यावर ठेवलात. "तापली तुझ्या हातून. होतं असं. पण कागदावर तुझं नाव येणार नाही, ते मी बघतो. तू या बॅचबद्दल कुणाशी काही बोलू नकोस." आणि मी, गाढव, तुमच्या पाया पडले.

सोमवारी तुम्ही मला भेट दिलीत. तुमच्या खणातलं ते जुनं काचेचं थर्मामीटर, लाकडी नळीतलं, जे तुम्ही कुणाला हात लावू द्यायचा नाहीत. "हे जवळ ठेव. आता आयुष्यात कधी तापवणार नाहीस." बरोबर सोळा वर्षं झाली, सर, मी कधी काही तापवलं नाही. प्रत्येक बॅचचं तापमान तीनदा बघते. हाताखालची माणसं पाठीमागे हसतात, ते मला ठाऊक आहे. घरी दह्याला विरजण लावताना दुधात तीनदा बोट बुडवते आणि तरी मनात धाकधूक. तुम्ही गेलात तेव्हा शोकसभेत मी त्या थर्मामीटरची गोष्ट सांगितली. माझी चूक पोटात घालणारा माणूस, असं म्हणाले भर सभेत. वहिनी पदर तोंडाला लावून रडत होत्या. प्रशिक्षणाच्या खोलीला तुमचं नाव दिलं, तुमचा फोटो लावला, आणि दर गुरुपौर्णिमेला त्या फोटोला हार मी घालते. स्टुलावर नेहमी मीच चढते, दुसऱ्या कुणाला चढू देत नाही.

आता दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. माझ्या हाताखाली पौडजवळच्या गावातली एक मुलगी आहे, सव्वीस वर्षांची, जिभेला हाड नाही पण हाताला फार छान वळण. तिने जुन्या कागदांत माझी पद्धत शोधून काढली आणि मला न विचारता लहान भांड्यात करून बघितली. मग मोठ्यात. माझ्यासमोर येऊन उभी राहिली, "मॅडम, एक विचारू? हे फेल का झालं होतं? माझं तर पहिल्या फटक्यात आलं." मी म्हटलं, माझ्या हातून तापलं होतं. ती म्हणाली, "पण रेकॉर्डमध्ये तर तसं नाहीये." मी हसले. म्हटलं, ते सरांनी सांभाळून घेतलं होतं माझ्यासाठी.

गुणवत्ता विभागाला हे सांभाळून घेणं काय कळणार? तिथले साहेब सरळ माणूस आहेत. म्हणाले, "मॅडम, पद्धत बदलायला माझी ना नाही. मलाही ती पिंपं बघवत नाहीत. पण आपल्याच कंपनीत तुमचीच चाचणी फसलीय आणि तिथं लिहिलंय, तापमान योग्य असूनही प्रक्रिया झाली नाही, मोठ्या प्रमाणावर ही पद्धत भरवशाची नाही. तापमान बरोबर होतं तर मग बिघडलं का? मूळ कारण लिहा. पुराव्यासकट. 'सापडलं नाही' असं लिहिलंत तर ही फाईल माझ्याकडून पुढे जाणार नाही." म्हणजे त्या मुलीचं काम, माझं काम, आणि भिंतीपर्यंतची ती ओळ, सगळं या एका रकान्यावर येऊन अडलं. मी म्हटलं, माझी चूक म्हणून लिहिते, मी जॅकेट जास्त तापवलं. ते म्हणाले, "कागद तसं म्हणत नाही ना!"

तेव्हा परवा मी सोळा वर्षांत पहिल्यांदा ती फाईल बघितली. तुम्ही बघतो म्हणाला होतात, म्हणून मी कधी विचारलंच नव्हतं. शेवटच्या पानावर तुमचा शेरा, तुमचं ते सुंदर तिरपं अक्षर. मागे गोल कागद टाचलेला, वर तारीख तुमच्याच हातची, खाली तुमची सही. रेघ पट्टी ठेवून ओढल्यासारखी. मला आधी बरं वाटलं, तापलं नव्हतंच म्हणजे! मग वार बघितला. गुरुवार. मी तो कागद खिडकीपाशी नेला, डोळ्यांजवळ धरला, दहाच्या जागेवर बोट फिरवलं. खाच नव्हती. ती रेघ बुधवारची होती, नुसत्या पाण्याची. कागदाला तुम्ही सांगितलंत की पद्धत वाईट आहे. मला सांगितलंत की मी वाईट आहे. दोघांची एकमेकांशी गाठ पडू नये म्हणून मला गप्प राहायला सांगितलंत, आणि मी ते उपकार समजून सोळा वर्षं उराशी धरून बसले.

तरीही, बघा माझी खोड, मी तुमच्यासाठी सबब शोधत होते. म्हटलं, असेल, माझं नाव वाचवायलाच कागद बदलला असेल. म्हणून काल शनिवारी मामांकडे गेले. ते निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. कोळवणच्या अलीकडे त्यांचं घर, शेजारी पुण्याच्या लोकांचे बंगले झालेत, त्यांनीही दोन खोल्या भाड्यानं दिल्यात, मागे थोडं भाताचं रान राखलंय. मी अंगणात शिरले तर त्यांनी खाटेवरून उठायची धडपड केली. हातांच्या भेगा अजून तशाच आहेत, एमडीसीनं सगळं तेल शोषून घेतलेल्या.

"लई वर्सांनी वाट चुकलात, ताई," म्हणाले. मामींनी चहा टाकला. मी इकडचं तिकडचं काही बोलले नाही. सरळ विचारलं, मामा, त्या गुरुवारी मी जेवायला गेल्यावर काय झालं?

मामा म्हणाले, "तुमी येक दिवस इचारनार, मला ठावं हुतं. सर म्हनले, वाफ सोड. मी म्हनलं, सर, ताईंनी चक्री बांधून ठिवलीया. तर म्हनले, सोड म्हनतोय ना."

"किती वेळ?"

"आसंल वीस मिंटं. आतलं पार कढत झालं. मंग गार पानी फिरवलं, हुतं तसं केलं. सुतळी परत बांधली. तुमी यायच्या आदी कागद सरांनी सोताच काढून न्हेला, नवा लावला."

"का, मामा?"

"माजा धाकला भाव तवा रिकव्हरीत हुता, तुमाला म्हाईतीच हाय." रिकव्हरी म्हणजे वापरलेलं द्रावक पुन्हा गाळून घेण्याचा विभाग. "सर म्हनले, काम पान्यावर गेलं तर रिकव्हरीला टाळं लागंल, चौदा मानसं घरी बसतील. पोरीची येक ब्याच बिघडली तर काय जग बुडत न्हाई. तिचं शिकायचं वय हाय." चहाची बशी त्यांनी खाली ठेवली. "आन् लागलंच की टाळं. दोन वर्सांत ठेकेदाराला दिलं समदं. भाव घरी आला तो आलाच."

"मला का सांगितलं नाहीत?"

"कसं सांगनार? तुमी तर सरांच्या पाया पडत व्हता." मग म्हणाले, "माजं नाव घाला कागदात. आता मला कोन काय करतंय? पर ताई, सरांचं येकट्याचं घालू नका. येकट्याचं न्हवतं ते."

निघताना मामींनी घरच्या आंबेमोहोराची पिशवी दिली. नको म्हटलं तर रागावल्या. ती पिशवी आता ओट्यावर आहे, अजून उघडली नाही.

चौदा माणसं, सर. ही गोष्ट मोठी होती, मला मान्य आहे. त्यातली निम्मी आमच्या खोऱ्यातली, काहींच्या घरी मी लग्नाला जेवलेय. मला सांगितलं असतंत तर? "अगं, थांब वर्षभर, या माणसांची सोय लागू दे," एवढं म्हणाला असतात तर मी थांबले असते. भांडले असते आधी, पण थांबले असते. नाहीतर त्यांच्यासाठी दुसरं काम शोधायला तुमच्याबरोबर मोठ्या साहेबांच्या दारात बसले असते. तुम्ही माझी पद्धत थांबवलीत याचा राग नाही मला. मला थांब म्हणण्याऐवजी नालायक ठरवलंत, त्याचा राग आहे. विरजण मारायचं होतं तर मारायचं, पण माझ्या हातानं मेलं हे मला पटवून द्यायची काय गरज होती? आणि वर ती खिचडी! सर, तुम्ही उपाशी राहून मला फसवलंत. फसवायचं होतं तर निदान पोटभर जेवून तरी फसवायचं.

आणि त्या चौदांवरही माझा पुरता विश्वास बसत नाही. मामांना तुम्ही चौदा सांगितलीत. मला वाटतं, पंधरावे तुम्ही होतात. माझ्या कागदाकडे चष्मा काढून बघत बसलात ना, तो आनंद नव्हता. माझी पद्धत मोडून दाखव असं म्हणणं सोपं, समोर मोडून ठेवल्यावर अंगावर येतं. मघाशी असंही मनात आलं की इतका हुशार माणूस वीज गेलेली विसरेल कसा, कदाचित मला कधीतरी सापडावं म्हणूनच तुम्ही बिनखाचेचा कागद जोडला असेल. पण नाही. तेवढा मोठेपणा मी तुम्हाला देणार नाही. तुम्ही विसरलात. खोटं करणारे विसरतात, तुम्हीच सांगितलं होतंत.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत मी मागच्या अंगणात गेले होते. ओळ आहे अजून, भिंतीपर्यंत. पिंपं तीच निळी. सोळा वर्षं रोज भरली, रोज टँकर आले, आणि ज्या पोरांनी ती भरली त्यांची डोकी रोज दुखली. यातलं बहुतेक काहीच व्हायला नको होतं. मी मोजली, सर. सवय आहे. आधी हे, मग ते.

तर अहवाल. दुपारी तिसऱ्यांदा तो रकाना भरला आणि या वेळी पान चुरगाळलं नाही. मूळ कारण म्हणून लिहिलं की चाचणी चालू असताना जॅकेटमध्ये मुद्दाम वाफ सोडली गेली, ती विभागप्रमुखांच्या आदेशाने, आणि नंतर आदल्या दिवशीचा कागद जोडला गेला. पुरावा म्हणून वीज गेल्याची नोंद आणि मामांचा जबाब. तुमचं नाव लिहिलं. उद्या ते साहेब वाचतील, परवा सगळी कंपनी वाचेल, आणि त्या खोलीतल्या फोटोचं काय करायचं ते तेच ठरवतील. मुलीची पद्धत पुढे जाईल. थर्मामीटरही चांगलं आहे तुमचं, अजून अचूक दाखवतं. तिच्या नंतरच्या बॅचला मी तेच लावलं होतं.

नवऱ्यानं मघाशी विचारलं, रात्री भात नव्या तांदळाचा करू का? म्हणून ओट्याशी गेले, मामींची पिशवी जवळ ओढली. तोंडाला सुतळी बांधलेली. पेंढीची गाठ. भाताची पेंढी बांधताना आमच्याकडे दोन टोकांना पीळ देतात आणि पिळाचं तोंड आत खोचून टाकतात, फुलगाठ कुणी मारत नाही. मामांना दुसरी गाठ येतच नाही. मी पिशवी तशीच ठेवली आणि परत इथं येऊन बसले. आता राहिलेलं सांगून टाकते. हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, मामांनाही नाही.

त्या गुरुवारी संध्याकाळी, निकाल कळल्यावर, तुमच्या केबिनकडे यायच्या आधी मी रिॲक्टरपाशी गेले होते. वाफेच्या चक्रीला माझी सुतळी होती, पण गाठ माझी नव्हती. पेंढीची होती. मी लहानपणापासून हजारो पेंढ्या बांधल्यात सर, ती गाठ मला अंधारातही हाताला कळते. कुणीतरी चक्री सोडली होती आणि परत बांधली होती, आणि त्या वेळी तिथं उभे तुम्ही होतात. मला कळलं होतं. सगळं नाही, पण पुरेसं. तुम्ही खोटे आहात हे मानण्यापेक्षा मी चुकले हे मानणं सोपं होतं, कारण मी चुकलेली असले तर तुम्ही माझे राहणार होतात. म्हणून केबिनमध्ये तुम्ही तीनदा विचारलंत तरी मी गाठीबद्दल चकार शब्द काढला नाही. तेव्हा बोलले असते तर निदान ती ओळ सोळा वर्षं वाढली नसती.

हे पत्र कुठं पाठवायचं नाहीच. अहवालाचं ते पान मात्र चौथ्यांदा लिहायला हवं. मामा म्हणाले होते, येकट्याचं घालू नका. त्यांचं नाव आहे, तुमचं आहे, माझं घालायचं राहिलंय. त्या दिवशी ती सुतळी मी सोडली, खिशात टाकली, आणि मग तुमच्या दाराशी येऊन म्हणाले, "सर, माझं चुकलं."